तिरपा काप

माघ लागला होता. पिंपळगाव राजाच्या शिवारात कपाशीची शेवटची वेचणी आटोपून जो तो पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, काढायच्या मागे होता. अर्जुनरावांच्या दोन्ही सुना त्या दिवशी सकाळीच शेतात गेल्या. थोरली कोकिळा, गोपालची बायको, चाळिशीला टेकलेली. धाकटी पुष्पांजली, गणेशची. ती लोणारकडची, बारावी झालेली, या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. मजुरांनी आदल्या दिवशी विळ्यानं पऱ्हाट्या कापून ठेवल्या होत्या. त्यांचे भारे बांधायचे, एवढंच काम. पण तेवढ्या कामातही दोघींचं सकाळपासून वाजत होतं.

भांडण काजलवरून. काजल ही कोकिळाची मुलगी, यंदा बारावीला. तिनं नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता, आणि ही गोष्ट तिच्या आईला कळली ती शेजारणीच्या तोंडून. फॉर्म भरून दिला होता काकूनं, पुष्पांजलीनं.

"पोरगी माही हाये," कोकिळा म्हणाली. "मले एक सबद विचारता नाही आला तुले?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं, ताई."

"मंग? नाही म्हणाचा हक बी नाही का मले?"

पुष्पांजलीनं भाऱ्याखालून दोर सारला, आपलं टोक हाताला गुंडाळलं आणि खाली मान घालूनच म्हणाली, "काजलच म्हणे, मायले सांगू नको."

भारा मध्ये, दोघी दोन बाजूंना. कोकिळानं भाऱ्यावर पाय दिला आणि दोर ओढला. भारा आवळायला असा हिसका द्यावाच लागतो. त्या सकाळपासून तिनं तसे वीस-पंचवीस हिसके दिले होते. पण या वेळी पुष्पांजलीचा पाय ढेकळावरून सरकला, दोर हाताला गुंडाळलेला, ती भाऱ्यावरून ओढली गेली आणि पलीकडं रचलेल्या भाऱ्याच्या बुडख्यांवर तोंडावर पडली.

ती ओरडली नाही. नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज झाला. तिनं डोकं उचललं तेव्हा एक काडी तिच्यासोबतच उचलली गेली. डाव्या डोळ्याच्या वर, नाकाच्या बाजूला, भुवईखाली ती रुतली होती. खालच्या पाणथळ तुकड्यातली खुरटी पऱ्हाटी, करंगळीहून बारीक.

कोकिळानं विचार केला नाही. पायात काटा रुतला की आपण काय करतो? तिनं पुष्पांजलीचं डोकं एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं काडी ओढून काढली. निघताना हाताला कट् असं काहीतरी जाणवलं. कानानं ऐकलं नाही, बोटांना कळलं. रक्त आलं. कोकिळानं काडी भिरकावली, पदर फाडून डोळ्यावर दाबला आणि बांधापलीकडं औषध मारत असलेल्या गणेशला हाका मारायला लागली.

गावातल्या डॉक्टरांकडं तिघं मोटारसायकलवरून गेली. पुष्पांजली मध्ये, मागून कोकिळानं तिला कवळून धरलेलं. डॉक्टरांनी पापणी उघडून बॅटरी मारली. बाहुली शाबूत होती, बोटं दिसत होती. जखम लहानशी, गव्हाच्या दाण्याएवढी.

"काडी आत रुतली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. "कोणी ओढून काढली?"

पुष्पांजलीला काही धड आठवत नव्हतं. गणेशनं वहिनीकडं पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

ओढून काढली म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, पडली कशी? आणि हिसका दिला म्हटलं की त्याच्या पुढचा. सकाळचं भांडण बांधावरच्या दोन मजूर बायांनी ऐकलं होतं.

"नाही जी," कोकिळा म्हणाली. "काडी लागली आन् पडली."

डॉक्टरांनी दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. "एका बोटावर वाचलं," ते म्हणाले. "डोळाच गेला असता." घरी आल्यावर अर्जुनरावांनी देवापुढं नारळ फोडला. आठव्या दिवशी टाके निघाले. सगळं घर सुटल्यासारखं झालं.

एक कोकिळा तेवढी सुटली नाही.

तिला एका जागी बसवेना. भाकरी तव्यावर टाकली की ती उठून अंगणात जायची, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून परत चुलीपाशी, तोवर भाकर करपलेली. रात्री झोप यायची, पण दिवस काही सरायचा नाही. काम सगळं करायची, पण एकही काम शेवटाला न्यायची नाही. अर्धं निवडलेलं धान्य सुपात तसंच, अर्धी घासलेली भांडी नळाखाली. गोपालनं एकदा विचारलं, "काय होऊन राह्यलं तुले?" तर ती म्हणाली, "काही नाही, पाय दुखते." आणि दुखणाऱ्या पायांनीच पुन्हा अंगणात गेली.

तो हिसका नेहमीचा होता, की रागाचा? हे ती स्वतःला विचारायची. हाताला विचारायची. त्या हिसक्याला जरा जास्त जोर लागला असेल का? काजलचं ते वाक्य कानावर पडलं तेव्हा हात आधीच दोर ओढायला लागला होता, की वाक्य ऐकून ओढला? उत्तर यायचं नाही. एकदा वाटायचं, छे, मी असं कशी करीन. आणि लगेच वाटायचं, त्या क्षणी तिचा राग तर आला होता ना, चांगला कडकडून आला होता.

दुसरी गोष्ट तिला तीन आठवड्यांनी सुचली, तीही चुलीपाशी. शेतातले भारे एव्हाना घरामागं आणून रचले होते. सकाळी पाणी तापवायला ती त्याच खुरट्या पऱ्हाट्या चुलीत सारत होती. सारता सारता एक बुडखा तिनं न्याहाळला. विळ्यानं कापलेला, तिरपा, गुळगुळीत, टोकदार. दुसरी काडी घेतली. तीही तशीच. तिसरी, चौथी. मजुरांचा हात एका पद्धतीनं चालतो. सगळ्या काड्या एकाच बाजूनं तिरप्या कापलेल्या, बोरूच्या कलमासारख्या.

आणि तिनं ओढून काढलेल्या काडीला टोक नव्हतं.

ते तिला आत्ता लख्ख दिसलं. भिरकावण्याआधी काडी क्षणभर तिच्या डोळ्यांपुढं होती. रक्तानं भरलेलं ते टोक फाटलेलं होतं, धागेधागे निघालेलं, साल लोंबत असलेलं. तिरपा काप त्याला नव्हता.

तिनं काडी गुडघ्यावर मोडली. कट्. तेच. बोटांना आलेला तोच झटका. तिनं दुसरी मोडली. मग तिसरी. पाणी उकळून उतू गेलं, विस्तव विझत आला, तरी ती काड्या मोडतच बसली होती. काजल बारावीच्या पेपरला निघता निघता तिथं आली आणि म्हणाली, "माय, काय करून राह्यली?"

"सरपण मोडून राह्यली," कोकिळा म्हणाली.

ती काडी तिनं शोधून पाहिली. शेतात जाऊन शोधली, घरामागच्या ढिगात शोधली. अंदाज होताच, ती कधीच कुठल्या तरी भाऱ्यात बांधून घरी आली असणार आणि चुलीत जळून गेली असणार. बहुतेक तिच्याच हातानं.

त्याच आठवड्यात पुष्पांजलीचा डोळा सुजला.

आधी पापणी जड झाली. मग डोळा लाल झाला आणि बाहेर आल्यासारखा दिसू लागला. जुन्या जखमेच्या जागी एक पुळी उठली आणि तिच्यातून पू आला. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. सूज उतरली. गोळ्या संपल्या, सूज परत आली. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतरली, पुन्हा आली. पुष्पांजलीला एकाचे दोन दिसायला लागले. दारातून जाताना ती चौकटीला हात लावून जायची. एके दिवशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभी राहून एक डोळा झाकत होती, मग दुसरा झाकत होती.

"काय पाहून राह्यली?" कोकिळानं विचारलं.

"हा तारखेचा लाल रंग," पुष्पांजली म्हणाली. "या डोयानं लाल दिसते. अन् या डोयानं धुतल्यासारखा दिसते, ताई. जुन्या लुगड्यावानी."

कोकिळानं हातातलं सूप खाली ठेवलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गणेश आत आला आणि तोंड मिटलं.

खामगावात डोळ्यांचा एक खासगी दवाखाना होता. दर गुरुवारी तिथं अकोल्याहून डॉ. हीना यायच्या. डोळ्यामागच्या, खोबणीच्या ऑपरेशनसाठी त्यांचं नाव होतं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं गणेश पुष्पांजलीला घेऊन निघाला. कोकिळा न विचारताच सोबत निघाली. गाडीत बसायला जागा होती तरी ती वाटभर उभीच राहिली.

डॉ. हीना चाळिशीच्या आतल्या, बारीक अंगाच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पुष्पांजलीला वर बघ, खाली बघ, नाकाकडं बघ केलं. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण आधी उजव्या डोळ्यापुढं धरलं, मग डाव्या.

"उजव्या डोळ्याला हे शंभर टक्के लाल आहे असं धर. डाव्या डोळ्याला किती?"

"अर्धं," पुष्पांजली म्हणाली. "त्याहून कमीच."

डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन करून आणायला पाठवलं. दुपारी तो आला. डॉक्टर त्याच्या फिल्म उजेडाला लावून बराच वेळ पाहत राहिल्या. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, डोळ्याच्या खोबणीत आतल्या भिंतीलगत हवा, आणि भोवती पू.

"हवा," डॉ. हीना स्वतःशीच म्हणाल्या. मग गणेशकडं वळल्या. "ही काळी रेघ दिसते? हवा सीटीत काळी दिसते. पण जखमेतून आत गेलेली हवा आठ-दहा दिवसांत जिरते. तुमच्या जखमेला झाले पाच आठवडे. आणि हवा अशी सरळ, पट्टीनं आखल्यासारखी बसत नाही." त्या थांबल्या. "कोरडं लाकूडसुद्धा सीटीत असंच काळं दिसतं. सोबत कोण होतं तिच्या?"

"वहिनी होत्या," गणेश म्हणाला.

"काडी आत रुतली होती? काढली कोणी?"

गणेश बाजूलाच उभा. पुष्पांजली स्टुलावर, एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्यानं तिच्याकडं पाहत होती.

"लागली आन् पडली," कोकिळा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

डॉ. हीनांनी तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, पण पुन्हा विचारलं नाही. "एमआरआय केला तर लाकूड नीट दिसेल," त्या गणेशला म्हणाल्या. "त्यासाठी अकोल्याला जावं लागेल, उद्याचा दिवस जाईल. पण डोळ्याची नस दाबली जातेय, रंग फिका दिसतोय तो त्यामुळं. मी थांबायला तयार नाही. आजच उघडू. पू तर नक्की काढू. काही अडकलेलं मिळालं तर तेही. पण मी नसेजवळ आंधळेपणानं खोदणार नाही. आत काही आहे की नाही, केवढं आहे, हे माहीत नसताना शोधत राहिलं तर वाचवायला गेलेला डोळाच घालवून बसू."

गणेशनं सही केली. पुष्पांजलीला आत नेऊन कपडे बदलायला लावले. कोकिळा बाहेर आली. पॅसेजमध्ये बाकडं होतं, त्यावर बसली, उठली. पाण्याच्या टाकीपाशी गेली, ग्लास भरला आणि न पिता ओतून दिला. फाटकापर्यंत गेली. रस्त्यावर सरकीची पोती भरलेला ट्रक उभा होता, ड्रायव्हर कुणाशी तरी फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता. ती परत आली. पुन्हा गेली. किती आहे हे माहीत नसताना. तिला माहीत होतं. अख्ख्या दुनियेत फक्त तिला माहीत होतं.

स्ट्रेचर पॅसेजमधून निघालं. पुष्पांजलीच्या केसांवर हिरवी टोपी होती. गणेश तिचा हात धरून चालत होता. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी डॉ. हीना हात धुवायला वळल्या.

"मॅडम!" कोकिळा ओरडली. इतक्या जोरात की कंपाउंडरनं वळून पाहिलं. "थांबा. मी खोटं बोलली."

सगळे थांबले.

"काडी रुतली होती. म्याच ओढली." तिला धाप लागली होती. "ओढताना आत तुटली. टोक आलं नाही वर."

गणेश तिच्याकडं पाहतच राहिला. डॉ. हीनांनी मात्र एका क्षणाचाही वेळ घालवला नाही. कोण खरं, कोण खोटं, का, केव्हा, हे काहीच विचारलं नाही. "किती जाड?" त्यांनी विचारलं. कोकिळानं करंगळी दाखवली, तिच्याहून बारीक म्हणाली. "कोणत्या दिशेनं होती, सरळ की कलती?" कोकिळानं स्वतःच्या भुवईखाली बोट टेकवून दाखवलं, नाकाच्या मुळाकडं, जरा वरून खाली. "टोक कसं असतं या काडीचं?"

"तिरपं. इयानं, म्हंजे विळ्यानं कापलेलं. एका बाजूनं गुयगुयीत." तिनं डॉक्टरांच्या खिशातल्या पेनाकडं बोट केलं, "कलमासारखं. अन् मी काढली तिले टोक नव्हतं. फाटलेली होती."

"बरं केलंत सांगितलंत," डॉ. हीना म्हणाल्या आणि आत गेल्या. दार मिटलं.

 गणेश रागानं काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं कोकिळाला वाटलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, मग फाटकाकडं निघून गेला आणि तिकडूनच बराच वेळ आला नाही. पॅसेजमध्ये कोकिळा एकटी. ती या टोकाकडून त्या टोकाकडं चालत राहिली. अठरा पावलं जायची, अठरा यायची. एका म्हातारीनं तिला म्हटलं, "बस ना वं बाई, चक्कर येईन." कोकिळा म्हणाली, "बसता येत नाही, मावशी."

तासाभरानं दार किलकिलं उघडलं. नर्स मंजुश्री हातात स्टीलची छोटी वाटी घेऊन आली. तोंडावर मास्क, डोळे घाईचे.

"त्या बाई कुठं आहेत? काडीवाल्या?"

कोकिळा धावली.

वाटीत, ओल्या कापसाच्या बोळ्यावर, एक काळसर तुकडा होता. दीड पेर असेल. पुवातून काढून धुतलेला, फुगलेला, तरी पऱ्हाटीच होती. पाच आठवडे पुष्पांजलीच्या डोळ्यामागं राहिलेली.

"मॅडम विचारतात, एवढीच होती का? पू सगळा निघालाय. हा तुकडा पुवाच्या वाटेतच मिळाला. पण त्याच्या मागं आणखी जायचं तर नसेच्या अगदी जवळ जावं लागतं. असेल तरच जायचं, नाहीतर इथंच बंद करायचं. लवकर सांगा."

कोकिळा वाटीवर वाकली. हात लावू का, असं तिनं विचारलं नाही, लावलाही नाही. तिनं तुकड्याचं एक टोक पाहिलं. फाटलेलं. धागेधागे. हे तिच्या हाताकडचं टोक. मग दुसरं टोक पाहिलं. तेही फाटलेलं.

तिनं पुन्हा पाहिलं. तिचं डोकं गेल्या पाच आठवड्यांत नव्हतं इतकं थंड झालं होतं. चुलीपाशी मोडलेल्या शंभर काड्या तिला आठवत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "अजून हाये आत."

"नक्की?"

"हे पाहा, दोन्ही बाजूनं मोडलेली हाये. इया लागलेलं टोक यात नाहीच. काडी दोन जागी मोडली. टोक आतच हाये. मॅडमले सांगा, तिरपा काप नाही भेटला तोवर थांबू नका म्हणा." मग एकदम तिचा आवाज पडला. "लहान असन. नखाएवढं. पण हाये."

मंजुश्री वाटी घेऊन आत पळाली. दार मिटल्यावर कोकिळाला कळलं, आपण काय बोलून बसलो. आत नसच तुटली तर? आत काही नसलंच तर? आपल्या एका शब्दावर मॅडम त्या अंधारात हात घालणार. एकदा खोटं बोलून तिनं डोळा धोक्यात घातला होता, आता खरं बोलूनही घालत होती. ती दाराला हात लावून उभी राहिली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त यंत्राचं टिक् टिक्. गणेश केव्हा मागं येऊन उभा राहिला ते तिला समजलं नाही.

"काय म्हणे?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं.

"वहिनी, तुमी..." एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "नक्की पाह्यलं ना?"

"हो."

चाळीस मिनिटं गेली. घड्याळ समोरच होतं, त्यामुळं कोकिळाला ती एकेक करून दिसली.

दार उघडलं आणि डॉ. हीना स्वतःच बाहेर आल्या. मास्क खाली ओढलेला, कपाळावर टोपीचा वळ. त्यांनी तळहात पुढं केला. जाळीच्या तुकड्यावर, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं काहीतरी होतं. एका बाजूनं फाटलेलं. दुसऱ्या बाजूनं तिरपं, गुळगुळीत, टोकदार.

"नसेपासून एवढ्यावर," त्यांनी दोन बोटांमध्ये सूतभर अंतर धरून दाखवलं. "भिंतीच्या हाडात टोचून बसलं होतं. मी बंद करायलाच निघाले होते." त्यांनी गणेशला समजावून सांगितलं की नस शाबूत आहे, दाब गेला आहे, नजर परत यायला हवी, पण किती येते ते दोन-चार दिवसांत कळेल. वरच्या बाजूचा एक स्नायू दुखावला होता. मग कोकिळाकडं वळून म्हणाल्या, "पुन्हा कधी कुणाच्या अंगात असं काही रुतलं तर ओढायचं नाही. तसंच ठेवून आणायचं. समजलं?"

"हो, मॅडम."

"आणि ओढलंच," त्या जराशा थांबल्या, "तर पहिल्या दिवशी सांगायचं."

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. पुष्पांजलीनं लाल झाकण पाहिलं. ऐंशी म्हणाली. पंधरा दिवसांनी शंभर म्हणाली. पापणी थोडी लोंबतीच राहिली, आणि झाडावर किंवा छताकडं पाहायला मान न उचलता डोळे वर केले की एकाचे दोन दिसायचे. हे कमी होत जाईल, पण पूर्ण जाईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. पट्टी सुटली त्याच दुपारी, गणेश औषधं आणायला खाली गेलेला असताना, कोकिळानं खाटेजवळ स्टूल ओढलं आणि पहिल्यांदा नीट बसली.

"तुले समजलं असन," ती म्हणाली. "गणेशभाऊनं सांगतलं असन."

"हो."

"त्यानं काडीचंच सांगतलं. हिसक्याचं नाही सांगतलं, त्याले माहीत नाही." कोकिळानं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "तू पडली तवा दोर मी ओढला होता. भारा आवळाले ओढला का रागानं ओढला, मले माहीत नाही, पुष्पा. लय विचार केला. खरंच माहीत नाही. राग होता एवढं माहीत हाये."

पुष्पांजली पाठीवर पडून छताकडं पाहत होती. खालून रिक्षाचे भोंगे येत होते. शेजारच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती.

"पहिल्या दिवशी सांगतलं असतं," पुष्पांजली अखेर म्हणाली, "तं मी पाच हप्ते हे नसतं काढलं."

"हो."

"मले वाटे, माह्यंच काहीतरी चुकलं. काही खाण्यात आलं असन, डोया चोळला असन. मी सोताले दोष देऊन राह्यली होती. अन् तुम्ही रोज समोर भाकरी वाढत होत्या."

कोकिळाला रडू आलं नाही. येईल असं तिला वाटलं होतं. "तुले काय बोलाचं ते बोल," ती म्हणाली.

"आत्ता काही बोलत नाही. राग हाये. राहीन काही दिवस." पुष्पांजलीनं कुशीवर वळायचा प्रयत्न केला, दुखलं, पुन्हा पाठीवर झाली. "अन् काजलच्या नर्सिंगच्या परीक्षेचं. तिचा पेपर परवा हाये ना?"

"हो. गोपाल नेणार हाये तिले."

"गोपालभाऊले काय समजते सेंटर-बिंटर. तुम्ही जा."

कोकिळानं सेंटर कुठं आहे ते विचारून घेतलं. जाणार होती हे दोघींनाही समजलं.

घरी आल्यावर तिनं सासऱ्यांना आणि गोपाललाही सगळं सांगितलं, हिसक्यासकट. अर्जुनराव खाटेवरून उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. गोपाल दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. मजूर बायांनी गावात काय ते सांगितलंच होतं, त्यामुळं गावालाही ते फार नवीन नव्हतं. कोकिळाची येरझार कमी झाली, थांबली नाही. अजूनही मधूनच ती तवा चुलीवर ठेवून अंगणात यायची, कशाला आलो ते विसरून उभी राहायची आणि परत जायची.

डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. पहिले दोन दिवस ते काम गणेशनं केलं. थेंब गालावर ओघळायचे, एकदा तर बाटलीचं टोकच पापणीला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुष्पांजली बाटली घेऊन स्वयंपाकघरात आली आणि चुलीपाशी पाटावर बसली.

"ताई, तुम्ही घाला," ती म्हणाली. राग अजून आवाजात होता. "याच्या हातून एक थेंब धड जात नाही."

कोकिळानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पुष्पांजलीनं मान मागं टाकली. कोकिळानं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली, खालची पापणी बोटानं ओढली आणि बाटली उलटी केली.

"हलू नको," ती म्हणाली.

"मी नाही हलत," पुष्पांजली म्हणाली. "तुम्हीच हलून राह्यल्या."